सवाल-जबाबातून ओळखावा प्रोग्रॅम

आमचे दोघा नवरा-बायकोचे शिक्षण सातवीपुढे गेले नाही. पण लेक कॉम्प्युटरमध्ये एम.एस्सी. करते आहे, आणि तिच्या वहीतले जमेल तेवढे समजून घ्यायचे हा आमचा हट्ट. सध्या ती ‘गेम सिमेंटिक्स’ शिकते. प्रोग्रॅम हिशेब कसा करतो, हे दोघांच्या डावासारखे मांडणारे हे गणित. नावात खेळ असला तरी यात हारजीत नाही, नुसते सवाल-जबाब असतात.

एका बाजूला प्रोग्रॅम, दुसऱ्या बाजूला त्याला वापरणारे बाहेरचे जग. पहिला सवाल बाहेरच्याचा. पगाराचेच घ्या. बाहेरचा विचारतो, “ओव्हरटाइमचे किती झाले?” प्रोग्रॅम उलट विचारतो, “तास किती?” “4.” “तासाचा दर?” “60.” मग प्रोग्रॅम सांगतो, “240.” झाला एक डाव. समोरच्याच्या कोणत्या चालीवर कोणती चाल करायची, हा जो प्रोग्रॅमचा ठरलेला नियम, तोच त्याचा अर्थ.

आता दुसरा प्रोग्रॅम पाहा. तास 0 असे कळताच तो दर न विचारता “0” सांगून मोकळा होतो. पहिला मात्र तरीही दर विचारतोच. आम्ही म्हटले, उत्तर तर दोघांचे एकच, मग फरक कसला? लेक म्हणाली, “बाबा, दर सांगणारा गप्पच बसला तर?” पहिला कायमचा अडकेल, दुसऱ्याचे काम झालेले असेल.

हे आम्हाला लगेच पटले. आमचा थोरला ठेकेदाराकडे कामाला आहे. एका महिन्यात ओव्हरटाइमचा दर वरून आला नाही, म्हणून साऱ्यांचे पगार थांबले. ज्यांचा एक तासही ओव्हरटाइम नव्हता, त्यांचेही. त्या महिन्याचे खोलीभाडे आम्ही उसने आणून भरले.

1977 साली गॉर्डन प्लॉटकिन यांनी ‘पीसीएफ’ या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेबाबत एक अडचण दाखवली. तेव्हाच्या गणितात असाही एक प्रोग्रॅम बसत होता, जो दोघांना एकदम विचारतो आणि एकाने “हो” म्हणताच, दुसरा गप्प असला तरी, “हो” सांगतो. पीसीएफमध्ये तो लिहिताच येत नाही. तिथे आधी एकालाच विचारावे लागते. तो गप्प राहिला की सारे खोळंबले. त्यामुळे कुठल्याही वापरात ज्यांच्यात फरक पडत नाही, असे काही प्रोग्रॅमही ते गणित वेगळे ठरवी. खेळाच्या मांडणीत एका वेळी एकच चाल, म्हणून हा घोळ टळतो. 1990 च्या दशकात अब्राम्स्की, जगदीशन व मालाकारिया यांनी एका वाटेने, हायलंड व ऑंग यांनी दुसऱ्या वाटेने हा पेच सोडवला. दोन्ही निबंध 2000 साली एकाच नियतकालिकात छापून आले.

बंधू-भगिनींनो, “कॉम्प्युटरच घेत नाही” असे खिडकीवर सांगितले की आपण मुकाट्याने परत फिरतो. तसे फिरू नये. त्याने काय विचारले आणि कोणाचे उत्तर यायचे राहिले आहे, एवढे तरी विचारावे. अडलेल्या डावात कोणीतरी गप्प बसलेला असतो. त्याचे नाव कळले पाहिजे.