नावाआधीची दोन अक्षरं

जालन्यात सकाळी पेपर आला की वडीलधारी माणसं आधी निधनवार्ता वाचतात. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा... ओळखीचं गाव, ओळखीचं आडनाव दिसलं की बोट थांबतं. अंत्ययात्रा किती वाजता, रामतीर्थ स्मशानभूमीत की गावी, सावडणं कधी, हे त्या चार ओळींत कळतं. आता बातमी मोबाइलवर आधी येते, पण भाषा तीच: ‘अल्पशा आजाराने’, ‘त्यांच्या पश्चात’, ‘असा परिवार आहे’.

माझी नजर मात्र नावाआधीच्या अक्षरांवर जाते. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी. वारकऱ्याच्या, कीर्तनकाराच्या नावाआधी ‘वै.’, वैकुंठवासी. लिंगायतांत ‘लिंगैक्य’. मुसलमान माणसासाठी मराठी वृत्तपत्रांत ‘पैगंबरवासी’ रुळला. ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून तीही माणसं इथलीच. आणि १९५६च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध घरांनी जवळ केलेला ‘कालकथित’. पालीतल्या ‘कालकत’शी त्याचं नातं, ज्याचा काळ पुरा झाला, तो. त्यात कैलास नाही, वैकुंठ नाही. अशा माणसाच्या नावाआधी सवयीनं ‘कै.’ छापलं, की त्यानं आयुष्यभर जपलेला विचार शेवटच्या ओळीत पुसला जातो. मला हा अपमान वाटतो.

बायकांच्या वाट्याला याहून वाईट येतं. ‘अमुक यांना मातृशोक’ असा मथळा, मग मुलाचं पद, पक्ष, दुकान. आईचं नाव पार खाली, त्याआधी ‘गं. भा.’, म्हणजे ‘गंगा भागीरथी’, विधवेच्या नावाआधी लावतात ते. एका बातमीत ते नाव मी शेवटपर्यंत शोधलं. नव्हतंच. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. तरी एप्रिल २०२३मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणण्याचा प्रस्ताव मंत्र्यांकडूनच पुढे आला. त्याला विरोध झाला, तो योग्यच होता. नवरा गेला हीच बाईची ओळख, आणि तीही तिच्या स्वतःच्या मरणाच्या बातमीत?

घरातली बाई गेली की बातमी लिहायला बसतो तो बहुधा एखादा पुतण्या किंवा भाचा, आणि तो घाईत असतो. त्याच्या शेजारी दोन मिनिटं बसा. पहिल्या ओळीत तिचं स्वतःचं नाव लिहायला सांगा, आणि नावाआधी तिच्या घरात जो शब्द म्हणतात, तोच घालायला सांगा.