पेंग्विन वाशिमला येतो

आमच्या वाशिमात व्याख्यान ऐकायला साधारण पन्नास माणसे येतात आणि त्याच व्याख्यानावर पुढचे आठ दिवस पाचशे माणसे बोलतात. उरलेल्या साडेचारशेंनी ते कधी ऐकले, हे कोडे वाचनालयाचा चिटणीस म्हणून मला बारा वर्षांत सुटलेले नाही. वक्ता बिचारा शाल, नारळ आणि टाळ्या घेऊन निघून जातो. मागे राहतो मी. पाटणी चौकात भाजी घेताना, कटिंगच्या खुर्चीत मान खाली असताना, फार कशाला, एकदा स्मशानात सरण रचले जात असताना लोकांनी मला गाठून 'परवाचा तुमचा वक्ता काही जमला नाही बुवा' असे सांगितले आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. व्याख्यानमालेच्या तिसऱ्या दिवशी सकाळीच ठरलेल्या वक्त्याचा निरोप आला की घसा बसला आहे. हॉल ठरलेला, माईकवाल्याला विसार दिलेला, अध्यक्षांच्या कोटाला इस्त्री झालेली. तेव्हा बोलता येणारा आणि घरात हाताशी असलेला एकमेव इसम म्हणून मी माझ्या भाच्याला उभे केले.

हा भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या घराण्यात कोणालाच ठाऊक नाही. चार दिवसांची रजा काढून तो माझ्याकडे आला होता आणि त्याला बोलावण्यात माझा एक स्वार्थ होता, तो आधीच सांगून टाकतो.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखावर जमवल्या, हे वाचून १९९९ साली मलाही स्फुरण चढले. मी आईला समोर बसवले आणि तिच्या दोनशे बारा ओव्या आधी वहीत आणि मग कॉम्प्युटरवर उतरवल्या. त्या काळी मराठी टाइप करायचे तर पैसे मोजून अक्षरांचा संच घ्यावा लागे. त्याच्याबरोबर एक बोटभर कुलूप मिळे. ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे, प्रिंटरची वायर लागते तिथे खुपसले, की मराठी उमटणार; काढले की नाही. २००३ साली आई गेली. वही वाळवीने नेली. कॉम्प्युटर मेला, आणि नव्या कॉम्प्युटरला ते कुलूप बसेल असे भोकच नव्हते. कुलूप देणाऱ्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरे मिळतात. फाइल मात्र शाबूत होती. उघडली की परक्या लिपीतल्या मुंग्यांची रांग निघे, मध्ये मध्ये डॉलर आणि टक्क्याच्या खुणा. आईच्या ओव्यांत डॉलर! ती बिचारी आयुष्यात अकोल्याच्या पलीकडे दोनदा गेली असेल.

असो. व्याख्यानाचा विषय भाच्याने 'मुक्त संगणक प्रणालींचा इतिहास' असा सांगितला. चौकातल्या फळ्यावर जागा कमी म्हणून मी 'मुक्त प्रणाली : इतिहास' एवढेच लिहिले. परिणाम असा झाला की संध्याकाळी पहिल्या रांगेत हरिपाठ मंडळातल्या सात बाया येऊन बसल्या. त्यांना वाटले, मुक्तीबद्दल आहे. उठून जाणे त्यांच्या स्वभावात नाही.

भाच्याने सुरुवात १९६९ पासून केली. अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन नावाचा गृहस्थ होता. त्याला एक जुना, फारसा कोणी न वापरणारा कॉम्प्युटर सापडला. त्याच सुमारास त्याची बायको वर्षाच्या मुलाला घेऊन तीन आठवडे सासरी गेली. घर रिकामे. त्या तीन आठवड्यांत थॉम्प्सनने जी प्रणाली उभी केली ती युनिक्स. (माझी बायको मागे तीन आठवडे नव्हती तेव्हा मी दोन कुकर करपवले. शास्त्रज्ञ आणि सामान्य माणूस यांत फरक असायचाच.)

इथेच पहिली प्रतिक्रिया आली. पहिल्या रांगेतून, आणि भर व्याख्यानात.

"कोठी गेली म्हन्ता?"

"सासरी."

"सुट्टीत? सासरी?" सातही जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. "अन् त्याचं नाव सांगतलं, तिचं कायले नाही सांगतलं?"

भाचा गडबडला. त्याने खिशातून फोन काढून शोधले आणि जाहीर केले की तिचे नाव बॉनी. त्यानंतर बायांच्या लेखी व्याख्यानाचा नायक बदलला.

पुढचा भाग त्याने चांगला रंगवला. १९५६ च्या एका तडजोडीमुळे टेलिफोन कंपनीला टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करायची मुभा नव्हती. म्हणून युनिक्स नाममात्र पैशांत, आतल्या सगळ्या मजकुरासकट विद्यापीठांना मिळाले. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकाने त्या मजकुरावर ओळीगणिक टीका लिहिली. पुढे कंपनीने हात आखडता घेतला आणि ती टीका वर्षानुवर्षे चोरून झेरॉक्स करून जगभर वाचली गेली. 'झेरॉक्स' म्हणताच मागच्या रांगेतली कॉलेजची मुले ताठ बसली. एवढा वेळ परका वाटणारा इतिहास त्यांच्या अभ्यासक्रमात आला होता.

मग एमआयटीतले रिचर्ड स्टॉलमन आले. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. दुरुस्ती करावी म्हणून त्यांनी त्याचा प्रोग्राम मागितला, तर ज्याच्याजवळ होता त्याने 'न देण्याचे वचन दिले आहे' म्हणून नकार दिला. १९८३ साली त्यांनी ग्नू नावाचा उद्योग जाहीर केला, आणि १९८९ साली त्याचा परवाना लिहिला : वापरा, आत काय आहे ते बघा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क द्या. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कळवले की मीही एक प्रणाली करतो आहे, हौसेखातर, फार मोठी काही होणार नाही. लगेच १९९२ च्या जानेवारीत ॲन्ड्र्यू टॅननबॉम या नामांकित प्राध्यापकांनी सांगून टाकले की ही रचनाच जुनाट आहे, आणि हा माझा विद्यार्थी असता तर याला फारसे गुण मिळाले नसते. आमचे निवृत्त हेडमास्तर इथे प्रथमच प्रसन्न झाले. आज जगातले सगळ्यांत मोठे पाचशे महासंगणक त्याच लिनक्सवर चालतात, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे, असे सांगून भाच्याने पडद्यावर त्याचे बोधचिन्ह दाखवले. गुबगुबीत पेंग्विन, जेवून बसलेला.

आता प्रश्नोत्तरे. आमच्याकडे प्रश्न विचारत नाहीत, छोटे व्याख्यान देतात. वकीलसाहेब उठले. "आपण म्हणता, फुकट. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल असतो. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२, कलम २५. तेव्हा फुकट देणाऱ्याचा हेतू काय?"

भाचा म्हणाला, "साहेब, मी फुकट म्हटलंच नाही. मुक्त म्हटलं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, त्यापायी त्या लोकांना आयुष्यभर खुलासे करावे लागले. आपल्याकडे दोन आहेत."

"एकच आहे," मागून आवाज आला. "लोकं फुकटच म्हन्तात."

हेडमास्तरांनी 'एकमेकांचे पाहून लिहिणे' या प्रवृत्तीचा व्यासपीठावरून गौरव झाल्याबद्दल खेद व्यक्त केला. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने 'सर, यावर टॅली चालते का?' एवढेच विचारले. संध्याकाळभरातला हा एकच खरा प्रश्न होता, पण हशा पिकला आणि उत्तर राहून गेले.

शेवटी मालेगाव तालुक्यातले एक पाटील उभे राहिले. ते मुळात बाजाराला आले होते आणि एसटीला वेळ होता म्हणून बसले होते.

"म्हंजे हे सोयाबीनच्या घरच्या बियान्यावानी हाय म्हना की," ते म्हणाले. "एक डाव चांगलं आनलं का दोन-तीन वर्सं घरचंच राखाचं, शेजाऱ्याले द्याचं, त्याच्यातलं निवडून अजून चांगलं कराचं. अन् थे कंपनीचं म्हंजे संकरित कपाशी. दरसाल नवं पाकीट."

भाच्याने तोंड उघडले, पण पाटलांचे संपले नव्हते.

"पन फुकट नसते थे. पोत्यावर पोतं लई चढवलं का खालचं दबून मरते. ओल लागली का मेलं. पेराच्या आंधी शंभर दाने ओल्या गोनपाटात गुंडाळून ठिवा लागते. सत्तर उगवले त पेर, नाही त खाय. हे त्या पेंग्विनवाल्याचं कोन पाह्यते? गोनपाट कोन वलं करते?"

भाचा चक्क व्यासपीठावरून खाली उतरला. जगभर हजारो माणसे ते गोणपाट ओले करत बसलेली असतात, काही पगारी, काही हौशी. आणि जिथे कोणी नसते तिथे प्रोग्राम खरोखरच मरतो, असे त्याने सांगितले. वकीलसाहेबही पुन्हा उठले. शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचासुद्धा हक्क २००१ च्या कायद्याने आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही, ही माहिती त्यांनी दिली आणि बसता बसता थांबले. "म्हणजे फुकट देण्यालाही कायदा असू शकतो," असे ते स्वतःशीच म्हणाल्याचे माईकने सगळ्यांना ऐकवले. पाटलांची एसटी चुकली.

मग आठ दिवस प्रतिक्रियांचे. पहिल्या दिवशी 'पोरगं हुशार आहे, पण विषय भलताच' असे मत होते. दुसऱ्या दिवशी भाच्याला फिनलंडमध्ये नोकरी लागली. तिसऱ्या दिवशी मला चौकात 'वाचनालयात पेंग्विन आणणार म्हणे' असे विचारण्यात आले. आमच्या उन्हाळ्याचा विचार करता प्रश्न गंभीर होता. चौथ्या दिवशी दोन गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन घरी आले. वाचनालय फुकट कॉम्प्युटर वाटते आहे, अशी त्यांची खात्रीलायक माहिती होती. 'मुक्त आहे, फुकट नाही' हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आता संपले का?"

हे सगळे चालू असताना भाचा माझ्या खोलीत आईच्या फाइलीपुढे बसला होता. रोग त्याने पाच मिनिटांत ओळखला. त्या काळी अक्षरांचे संच विकणाऱ्या प्रत्येकाने कुठल्या अक्षराला कुठला आकडा द्यायचा हे आपल्यापुरते ठरवले होते. सरकारी प्रमाण १९९१ साली आले होते, पण पाळतो कोण? मला हे लगेच पटले. आमच्या वाशिमवरून जाणारी गाडी २००८ पर्यंत छोट्या रुळाची. मुंबईला जायचे तर अकोल्याला ट्रंक डोक्यावर घेऊन सगळ्यांनी उतरायचे आणि दुसऱ्या गाडीत चढायचे. आईच्या ओव्या अकोला स्टेशनावर बसून राहिल्या होत्या.

"मामा, अशाच दुसऱ्या एका संचाचं कोष्टक कोणीतरी करून मोकळं ठेवलंय," तो म्हणाला. "कोण आहे माहीत नाही. ते घेतो, आपल्याला लागेल तसं बदलतो." दोन रात्री तो जागला. आजी त्याचीही होतीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर मराठी उमटले. मी चष्मा पुसून पहिली ओळ वाचली आणि हादरलो. सगळ्या पहिल्या वेलांट्या एकेक घर अलीकडे सरकल्या होत्या. जुन्या संचात ती वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, नव्या पद्धतीत ती अक्षरानंतर ठेवतात. त्या गोंधळात विठ्ठलाची वेलांटी त्याच्या अलीकडच्या रखुमाईच्या मानेवर बसली होती. भाच्याने ते दुपारपर्यंत सरळ केले. तरीही तीसेक जागी शब्दच खाल्लेले होते. कोष्टकात त्यांना आकडा नव्हता, आणि मला ते आठवेनात. चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी उतरवून घेण्याच्या नादात होतो, ऐकत नव्हतो. वही असती तर... पण वही वाळवीच्या पोटात.

तेव्हा मी हरिपाठ मंडळाला चहाला बोलावले. सातही जणी आल्या. भाच्याने वाचायचे, खाल्लेली जागा आली की थांबायचे, आणि बायांनी सांगायचे, असा बेत. पहिल्याच जागी तीन शब्द आले. "आमच्याकडं असं म्हन्तात." "ह्यॅ! रिसोडाकडं तसं म्हन्तात." तिसरीने सबंध ओवीच वेगळी म्हणून दाखवली. भाचा आनंदाने टाइप करत होता; त्याच्या धंद्यात याला फाटा फुटणे म्हणतात आणि ते वाईट नसते म्हणे. मी मात्र अस्वस्थ. मला आईची ओवी हवी होती, रिसोडाकडची नव्हे.

एका ओवीत माहेराच्या वाटेचे गाव खाल्लेले होते. सगळ्यांत म्हाताऱ्या आजी एवढा वेळ बशीत चहा ओतून गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "थे माही ओवी हाय."

"तुमची?"

"माह्यी. तुह्या मायले म्याच देल्ली, वाड्यातल्या जात्यावर. म्या मेहकर म्हनो. माह्यं माहेर थे. तिनं मेहकर काहाडून कारंजं घातलं, तिचं माहेर म्हनून. म्या म्हनलं, घाल बाप्पा. अन् मंग तिनं पुढं दोन ओळी आपल्या मनच्या जोडल्या, थ्या मले येत नव्हत्या. त्या लेहेल्या हायेत का तुह्याजवळ?"

भाच्याने त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. त्यात एकही अक्षर खाल्लेले नव्हते. आजींनी डोळे मिटून त्या दोनदा घोळल्या, बशी खाली ठेवली आणि पदराच्या गाठीतून दोन रुपयांचे नाणे काढून माझ्यापुढे धरले.

"याची झेरॉक्स दे मले," त्या म्हणाल्या. "अन् त्या बॉनीबाईचं पुढं काय झालं, थेही सांग."