शरीफा की सीताफळ?

आमच्या जळकोटकडच्या माळावर सीताफळ होतं. घरी आम्ही त्यालाच शरीफा म्हणतो. घोळीची भाजी आमच्याकडे कुल्फा. उर्दू-मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे अशी जोडनावं वर्गात रोज भेटतात. सरकारी कागदावर ती क्वचितच दिसतात.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं. गावातली झाडं, जनावरं, औषधी आणि त्यांबद्दलची जाण लोकांना विचारून नोंदवहीत उतरवायची, हे तिचं मुख्य काम. 2004 च्या नियमांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना होत्या. इथल्या जैविक संपत्तीच्या वापराचा निर्णय घेताना वरच्या मंडळांनी समितीचा सल्ला घ्यावा, असं कलम 41 सांगतं. पण सल्ला देणाऱ्यांना आधी माहिती हवी ना!

पुढे हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली. चुकल्यास राज्याला महिना 10 लाख. दंडाच्या धाकाने समिती उभी राहते. नोंदवहीसाठी मात्र शेळ्या राखणाऱ्या खालाजवळ बसावं लागतं. कोणत्या पाल्याने शेळीचं पोट फुगतं, हे तिला ठाऊक. ग्रामसभेत ती तोंड उघडत नाही, आणि तिची दखनी लिहून घेणारं तिथं कुणी नसतं.

म्हणून आठवीच्या पोरांना सांगितलं, घरच्या मोठ्यांकडून दहा झाडांची नावं आणा, दखनीतच आणा. एका मुलीने नानीकडून सतरा आणली. त्यातल्या तिघांना मराठीत काय म्हणतात, ते ठरवायला आता नानीलाच घेऊन माळावर जायचंय. तिचे गुडघे दुखतात, म्हणून पाऊस थांबल्यावर.