फरार, पण रंकाळ्यावर

‘ट्रान्झिट रिमांड आहे, चल,’ एवढंच सर म्हणाले. साधे रिमांड मी पाहिले होते. हे प्रकरण नवं, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता उघडली, तर त्या नावाचं कलमच सापडेना. ‘नाव नाही गं, काम आहे. ५८ वाच, १८७ वाच. रविवार आहे, सुट्टीचं कोर्ट लवकर उठतं.’

पक्षकार कापसाचा दलाल. वरंगळकडच्या व्यापाऱ्याचे पैसे बुडवल्याचा तिकडे गुन्हा. तिथल्या कागदांवर तो फरार, इथं कोल्हापुरात मात्र रोज संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला. तेलंगणा पोलिसांनी त्याला आदल्या रात्री घरूनच उचललेला.

अमेरिकन मालिका बघून माझ्या डोक्यात भलतंच चित्र होतं. तिकडे एका राज्यातला पळपुटा दुसऱ्या राज्यात सापडला, तर पहिल्या राज्याच्या गव्हर्नरनं दुसऱ्याकडे त्याची मागणी करायची. घटनेतच तशी सोय आहे. सरांना विचारलं, आपल्या राज्यपालांचं पत्र कुठाय? ते पोटभर हसले. संस्थानातून पळून ब्रिटिश मुलुखात आलेल्याला परत द्यायला १९०३ चा प्रत्यर्पण कायदा होता, तेव्हा हद्द म्हणजे हद्द होती. आता संहितेच्या कलम ४५ खाली पोलीस पाठलाग करत भारतात कुठंही जाऊ शकतात. वॉरंट असलं आणि ते काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या आत असलं, तर वाटेतल्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचीही गरज नाही. निपाणी कोर्टाचं वॉरंट घेऊन कागलात कुणाला धरलं, तर थेट निपाणी.

वरंगळ मात्र लांब. अटकेपासून २४ तासांत आरोपी मॅजिस्ट्रेटपुढे हवा. प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात. पण गाडीत घालून दिवसभर हाकत न्यायचं धाडस शहाणा फौजदार करत नाही. जवळच्या मॅजिस्ट्रेटला त्या गुन्ह्याचा खटला चालवायचा अधिकार नसला तरी चालतं. आरोपीला तिकडे न्यायची त्याची परवानगी म्हणजेच ट्रान्झिट रिमांड. तेवढ्यासाठीच सगळे इथं.

मी रात्रभर जागून मुद्दे काढले होते. व्यवहार दिवाणी आहे, गुन्हा होतच नाही, धनादेशाच्या तारखा जुळत नाहीत. मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्यातलं काही ऐकलं नाही. ‘मॅडम, ते वरंगळला सांगा.’ त्यांनी फौजदाराला विचारलं ते एवढंच: ओळखपत्रं, एफआयआरची प्रत, स्थानिक ठाण्यातली डायरी नोंद, वैद्यकीय तपासणी, घरच्यांना कळवलं का, आणि किती तास लागतील. आरोपी खरा की खोटा, याच्याशी त्या खोलीला जणू देणंघेणं नव्हतं. तेव्हा मला राग आला. नंतर वाटलं, बरोबरच आहे. दुसऱ्याच्या खटल्यावर इथल्या कोर्टानं मत द्यायचंच कशाला?

एक कागद मात्र साहेबांनी नीट वाचला. एफआयआर तेलुगूत, त्यातलं अक्षर आम्हा कुणाला लागेना. अटकेची कारणं आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर शहा प्रकरणात सांगितलंय, तेही मुंबईच्याच गुन्ह्यात. मी सरसावून उठले. फौजदारानं शांतपणे फाईलमधून मराठी कागद काढला. इथल्या ठाण्यातल्या हवालदारानं रात्री लिहून दिलेला, वळणदार अक्षरात, खाली आरोपीची सही आणि वेळ. सर पुटपुटले, ‘एवढा एक मुद्दा होता, तोही गेला.’

दोन दिवसांचा ट्रान्झिट रिमांड मिळाला. बाहेर पक्षकाराची बायको विचारत होती, ‘मॅडम, जामीन इथं नाही व्हायचा?’ सरांनी समजावलं की तो अर्ज आता तिकडे. ती आठ दिवस आधी आली असती, तर परराज्यातल्या गुन्ह्यातही इथल्या सत्र न्यायालयाकडून थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता आला असता. प्रिया इंदोरिया प्रकरणात २०२३ ला तो दरवाजा उघडलाय, पण त्यातून अटकेआधीच जावं लागतं.

सरांनी वरंगळच्या एका वकिलांना फोन लावला. ते हिंदीत म्हणाले, वकालतनाम्यावर सही आत्ताच घेऊन ठेवा, पोचल्यावर गडबड होते. बाहेर तेलंगणा पासिंगची बोलेरो सुरू झालेली. मी धावत गेले, बॉनेटवर कागद ठेवला. पेन माझ्याकडे नव्हतं; फौजदारानं खिशातलं काढून दिलं आणि तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाला, ‘जल्दी मॅडम, सोलापूर में जाम रहता है.’