फाळक्यावरची दोन नावं

आजची नोंद खताची नाही, फवारणीचीही नाही. रंगाची आहे. पण शेताशी संबंध आहे, म्हणून इथंच लिहितोय.

आठवडाभर रात्रीची लाईट होती. दारं धरून झाली की पुतण्या मोटरपाशी बसून मोबाईलवर अमेरिकेतल्या नॅसकारच्या शर्यती बघायचा. त्याच्याबरोबर मीही बघायला लागलो. त्यात डार्लिंग्टन नावाचा एक ट्रॅक आहे, साऊथ कॅरोलिना राज्यात. तिथं वर्षातून एकदा आजच्या गाड्या जुन्या गाड्यांचे रंग लावून उतरतात. थ्रोबॅक म्हणतात त्याला. 2015 पासून चालू आहे. 2018 ला विल्यम बायरन नावाच्या पोराने 24 नंबरच्या गाडीवर इंद्रधनुष्याचे रंग लावले. 1990 च्या दशकात त्याच नंबरवर, त्याच रंगात जेफ गॉर्डन पळायचा.

मी म्हणलं, ह्याने काय होतं? गाडी तर नवीनच. 2022 पासून तर सगळ्यांच्या गाड्यांचे बहुतेक पार्ट ठरलेल्या कंपन्यांकडूनच येतात. रंगसुद्धा ब्रशचा नाही, छापलेला कागद गाडीला चिकटवतात. आपल्याकडं रेडियमवाला करतो तसं. आणि जुने रंग म्हणजे तरी काय, बऱ्याचदा त्या काळच्या कंपन्यांची जाहिरातच.

पण सगळे रंग तसे नाहीत. रिचर्ड पेटी म्हणून एक जुना गडी आहे. 200 शर्यती जिंकलेला, 7 वेळा चॅम्पियन. त्याच्या 43 नंबरच्या गाडीचा फिकट निळा रंग त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो रंग आला कुठून? पेटी सांगतो की गाडी रंगवायला घेतली तेव्हा निळाही पुरेना आणि पांढराही पुरेना, म्हणून दोन्ही एकात ओतले. पुढं 1972 ला एक मोठी कंपनी पैसे द्यायला आली आणि म्हणाली, गाडी पूर्ण लाल करा. पेटी अडून बसला. शेवटी अर्धी लाल, अर्धी निळी यावर मिटलं. उरलेल्या डब्यातला रंग, पण पैशापुढं सोडला नाही. असा रंग आज कुणी लावला तर त्याला अर्थ आहे.

मला मात्र रंगापेक्षा त्या ट्रॅकची गोष्ट जास्त भावली. हॅरोल्ड ब्रॅसिंग्टन नावाच्या माणसाने शर्मन रॅम्सीकडून 70 एकर रान घेतलं. कापूस आणि भुईमुगाचं रान. रॅम्सीची अट एकच होती, माझ्या बारक्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. झालं! तळं वाचवायला एका टोकाचं वळण आवळावं लागलं आणि ट्रॅक अंड्याच्या आकाराचा झाला. अजून तसाच आहे. एका टोकाला गाडी जमवली की दुसऱ्या टोकाला बिघडते. उजवी बाजू भिंतीला घासते आणि गाडीचा रंग भिंतीवर राहतो. त्याला 'डार्लिंग्टनची पट्टी' असं नावच पडलंय. म्हणजे बघा, हौसेने लावलेला जुना रंग शर्यत संपेपर्यंत भिंतीला पुसला जातो, आणि तळ्यामुळं पडलेला अंड्याचा आकार मात्र अजून टिकून आहे.

आता हे सगळं आत्ताच का सांगतोय? आमच्या घरात सध्या ह्याच गोष्टीवरून बोलाचाली चालू आहे.

आण्णांनी पहिली ट्रॉली घेतली तेव्हा पैसे कमी पडत होते. बैलजोडी विकावी लागली. सोन्या आणि तांब्या. ट्रॉली आली त्याच आठवड्यात आण्णांनी गावातल्या पेंटरकडून मागच्या फाळक्यावर ती दोन नावं लिहून घेतली. कुठल्या देवाचं नाव नाही, पोरांची नावं नाहीत. बैलांची. ती ट्रॉली गंजून गेली, गेल्या वर्षी भंगारात दिली. आण्णाही आता नाहीत. नवी ट्रॉली वेल्डिंगवाल्याकडं तयार होतेय आणि पुतण्या म्हणतोय, काका, आपण थ्रोबॅक करू. तोच पिवळा रंग, तीच नावं.

दादांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, ह्या पोराने ते बैल बघितले नाहीत, गोठाही बघितला नाही. आता गावात ते बैल आठवणारी माणसं चार-पाच राहिली. बाकीच्यांना ती नुसती अक्षरं. शिवाय खर्च आहे, तेवढे पैसे टायरला घाला.

टायरचं दादांचं खरं आहे. डार्लिंग्टनची पहिली शर्यत 4 सप्टेंबर 1950 ला झाली. 500 मैल, म्हणजे 800 किलोमीटर. 75 गाड्या होत्या. जिंकला जॉनी मँट्झ, साध्या प्लिमथ गाडीत. वेगात तो मागं होता, पण त्याने ट्रकचे टणक टायर घातले होते. बाकीच्यांचे टायर फुटत गेले आणि हा सहा तासांच्या वर एका चालीत पळत राहिला. म्हणून आमच्याकडंही टायर आधी, रंग नंतर. एवढं ठरलं.

नावांचं मी असं म्हणलं. लिहायची. रेडियमने नाही, ब्रशने. पण पुतण्याला एक अट घातली. बाजार समितीत ट्रॉली लावल्यावर कुणी विचारलं, हे सोन्या-तांब्या कोण, तर खाली उतरून नीट सांगायचं. किती वर्षं राबले, कशासाठी विकले, आण्णा त्या रात्री का जेवले नाहीत. हे त्याला माहीत नव्हतं. मग दादांनीच सांगायला सुरुवात केली आणि तासभर सांगत राहिले. बैल बाजारात नेताना दोर दादांच्याच हातात होता, हे मलाही आजवर ठाऊक नव्हतं.

नाव लिहायला पेंटरचा अर्धा दिवस जातो. ते कुणाचं आहे हे सांगणारा तयार व्हायला जास्त वेळ लागतो, आणि सांगणारे दिवसेंदिवस कमी होत चाललेत.

तुमच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर काय लिहिलंय? कुणाचं नाव आहे, का आहे, ते खाली जरूर लिहा. आणि घरातल्या पोरांनाही सांगा.