जुन्या लेथची पारख

घरच्या कर्मशाळेसाठी जुना लेथ पाहू गेलेल्या माणसाची नजर प्रथम मोटारीच्या पाटीवर जाते, आणि तीवर तीन फेज, 415 व्होल्ट असा मजकूर दिसताच, आपल्या घरी तर एकच फेज आहे या विचाराने तो हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे किंवा बंगळूरच्या एच.एम.टी.चे उत्तम यंत्र सोडून परत फिरतो, याची मला नेहमी हळहळ वाटत आली आहे. विजेची तजवीज मागाहून होते. झिजलेल्या बेडची घरी होत नाही.

आखूड कामे चकापाशीच होत असल्यामुळे बेड तेथे अधिक झिजतो. म्हणून कॅरेज चकाजवळ आणून तिच्या गिबचे स्क्रू ढिलाई जाईपर्यंत आवळावेत आणि मग ती टेलस्टॉककडे सरकवून पाहावी. वाटेत ती जखडली, तर झीज किती खोल गेली आहे त्याचा पंचनामा तेथेच झाला असे समजावे. ताज्या रंगाने मढवलेल्या यंत्रापेक्षा तेलाने काळवंडलेले यंत्र मला अधिक विश्वसनीय वाटते, कारण त्याने काही झाकलेले नसते.

मोटार बदलून एक फेजची बसवण्याचा सल्ला मला मान्य नाही, कारण 50 हर्ट्झच्या विजेवर तिचा जोर सेकंदाला 100 वेळा चढतो-उतरतो आणि नाजूक कातकामाच्या पृष्ठावर तो कंप उमटू शकतो. एक फेज घेऊन 230 व्होल्टची तीन फेज देणारा ड्राइव्ह बसवावा. लहान मोटार बहुधा 415 व्होल्टसाठी स्टार जोडलेली असते, आणि टर्मिनल बॉक्समध्ये तिची सहाही टोके बाहेर काढलेली असतील तर डेल्टा जोडणीत ती सुमारे 240 व्होल्टवर पूर्ण शक्तीने चालते. मात्र ड्राइव्हने वेग उतरवल्यावर पट्टा बदलल्याप्रमाणे टॉर्क वाढत नाही, शिवाय मोटारीचा पंखाही मंदावतो. जाड कापासाठी बॅकगिअर हवाच. चक आट्यांवर बसवलेला असेल तर झटपट ब्रेक लावू नये. तो उलगडून निसटतो.

अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या, आणि वीज तोडल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरांत काही मिनिटे भार राहतो, तोवर त्याचे झाकण उघडू नका.