सही

गणिताच्या मास्तराला गोष्टी सांगता येत नाहीत, अशी आमच्या घरात समजूत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. मला जन्मात एकच गोष्ट बरी जमली, ती हिमगौरी आणि सात बुटक्यांची. माझी भाची दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे पुण्याला यायची. रात्री अंथरुणे पडली की "मामा, सात बुटके!" अशी तिची फर्माईश असे. बुटक्यांची नावे मी दर वर्षी विसरून नवी ठेवीत असे, आणि ती दर वर्षी माझी चूक पकडीत असे.

तीच भाची पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेली. २०२५ च्या मे महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. तिथले सरकार आणि ते विद्यापीठ यांचे बिनसल्याचे मी वर्तमानपत्रांतून वाचत होतोच. आवारात ज्यू विद्यार्थ्यांना होणारा त्रास विद्यापीठाने थांबवला नाही, हा सरकारचा आरोप. त्रास मुळीच नव्हता, असे विद्यापीठही म्हणत नव्हते. पण ११ एप्रिलच्या पत्रात सरकारने जे मागितले ते त्याच्या फार पलीकडचे होते. नेमणुका कशा कराव्यात, प्रवेश कसे द्यावेत, कोणत्या विभागात कोणत्या मतांची माणसे आहेत, या सगळ्यांत सरकारला लक्ष घालायचे होते. १४ एप्रिलला विद्यापीठाने नकार दिला आणि त्याच दिवशी सरकारने सुमारे २२० कोटी डॉलरची अनुदाने गोठवली. २२ मे रोजी तर परदेशी विद्यार्थी घेण्याची परवानगीच काढून घेतली. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली. पुढे ३ सप्टेंबरला बोस्टनच्या न्यायालयाने अनुदाने गोठवणेही बेकायदा ठरवले. पण मे महिन्यात हे पुढचे कोणाला ठाऊक होते?

"मामा, आमच्यात एक निवेदन फिरतंय," भाची म्हणाली. "सही करू का? केली आणि व्हिसा गेला तर आईबाबांचे सगळे पैसे पाण्यात. नाही केली तर आरशात तोंड कसं बघू?"

"विचार करून सांगतो," असे म्हणून मी फोन ठेवला.

माझ्या टेबलावर गाउसचे एक चित्र आहे. तीस वर्षे मी ज्या महाविद्यालयात गणित शिकवले, तिथेही ते माझ्या खुर्चीमागे होते. गणिताच्या माणसाला गाउस म्हणजे पंढरीचा विठोबा. त्या रात्री मात्र मी त्याच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले. कारण भाचीने विचारलेला प्रश्न त्यालाही एकदा पडला होता.

गाउस जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठात होता. हॅनोव्हरच्या राज्यातले ते विद्यापीठ साऱ्या युरोपात नावाजलेले. १८३७ च्या सप्टेंबरात त्याची शताब्दी थाटाने साजरी झाली. त्याच वर्षी गादीवर आलेल्या राजा अर्न्स्ट ऑगस्टने १ नोव्हेंबरला राज्याची १८३३ ची घटना रद्द केली. प्राध्यापकांनी त्या घटनेशी निष्ठेची शपथ घेतली होती. राजा म्हणाला, शपथेतून तुम्हांला मोकळे केले. बहुतेकांना ते सोयीचे वाटले. सात जणांना वाटले नाही. देवासमोर घेतलेली शपथ राजाच्या हुकमाने कशी सुटेल, असे त्यांचे साधे म्हणणे होते. दालमान नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने १८ नोव्हेंबरला निषेधाचे पत्र लिहिले आणि सातांनी सह्या केल्या. विद्यार्थ्यांनी त्याच्या नकला करून त्या गावोगाव पोचवल्या. डिसेंबरात सातही जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या तिघांना तर तीन दिवसांत राज्याबाहेर जाण्याचा हुकूम झाला.

या सातांत दोघे सख्खे भाऊ होते, याकोब आणि विल्हेल्म ग्रिम. म्हणजे ज्यांनी हिमगौरीची गोष्ट पुस्तकात उतरवली, तेच! याकोब तर हद्दपार झालेल्या तिघांतला. भर थंडीत विद्यार्थी त्यांना सरहद्दीपर्यंत पोचवायला गेले होते. नोकरी गेल्यावर या भावांनी जर्मन भाषेचा कोश हाती घेतला. १८६३ साली याकोब वारला तेव्हा तो ज्या शब्दापर्यंत आला होता, त्याचा अर्थ 'फळ'.

सातांत आणखी दोघे होते. एक वेबर, गाउसचा जिवलग सहकारी. १८३३ साली या दोघांनी गटिंगनच्या घरांवरून तारा ओढून तारायंत्र चालवले होते. दुसरा एव्हाल्ट, गाउसचा जावई. गाउसने मात्र सही केली नाही. त्याचे वय साठ, घरात नव्वदी ओलांडलेली आई, आणि राजकारणाची पहिल्यापासून नावड. त्याची नोकरी राहिली, वेधशाळा राहिली, मान राहिला. जावई ट्युबिंगनला गेला, त्याच्याबरोबर लेक गेली आणि १८४० साली तिथेच वारली.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे सही कर, असंच ना?"

"नाही," मी म्हणालो. "अजून एक गोष्ट राहिली आहे."

मग जी मी बायकोलाही धड सांगितली नव्हती, ती सांगितली. आमच्या महाविद्यालयात एका सहकाऱ्याला वरिष्ठांविरुद्ध बोलल्याबद्दल काढून टाकले. आम्ही दोघे एकाच डब्यातले जेवणारे. त्याच्या बाजूचे पत्र माझ्यापुढे आले तेव्हा माझ्या घराचे कर्ज नुकतेच मंजूर झाले होते. "उद्या करतो सही," मी म्हणालो. तो उद्या आलाच नाही. सहकारी साताऱ्याकडे आपल्या गावी गेला आणि शिकवण्या करू लागला. मला घर झाले. त्याच घरात बसून मी भाचीशी बोलत होतो. दुसऱ्याच्या व्हिसावर शूर होण्याचा मला काय अधिकार?

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने हळूच विचारले, "मामा, त्यांना नंतर कधी भेटलास का रे?"

लहानपणी ती बुटक्यांच्या नावांतली चूक पकडायची, त्याच आवाजात विचारले. मी काही बोललो नाही.

तिने सही केली की नाही, हे मी अजून विचारलेले नाही. दोन्हींची किंमत तिला आता ठाऊक आहे, एवढे पुरे. तिच्या प्रश्नाचे उत्तर देणे मात्र माझ्याकडे राहिले होते. सहकाऱ्याचा पत्ता एका जुन्या विद्यार्थ्याने मिळवून दिला. मी एक कार्ड टाकले. आठ दिवसांनी उत्तर आले : "ये. चकल्या आण. तुझ्या घरच्या चकल्यांची चव अजून आठवते."

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मी साताऱ्याच्या गाडीत असेन, मांडीवर चकल्यांचा डबा घेऊन. तिथे काय बोलायचे, ते अजून सुचलेले नाही.